आंतरराष्ट्रीय साहाय्य आणि यवतमाळचे शिवार

परकीय मदत म्हटली की जुन्या पिढीला आजही जहाजातून उतरणारे धान्य आठवते. १९५६ साली झालेल्या करारानंतर 'पी. एल. ४८०' या अमेरिकन कायद्याखाली भारतात गहू येऊ लागला. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आणलेल्या लाल मिलोची भाकरी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून भाजली गेली. त्या काळी मदतीचे व्यवस्थापन म्हणजे प्रामुख्याने साठवण, वाहतूक आणि वाटप एवढाच अर्थ होता. आलेले पोते मोजून घ्यावे आणि मोजून द्यावे, की काम झाले.

आज हे चित्र पालटले आहे. अन्नधान्याच्या बाबतीत देश स्वावलंबी झाला आहे. २०२२ साली भारताने जागतिक अन्न कार्यक्रमाच्या सहकार्याने अफगाणिस्तानास गहू पाठविला, म्हणजे घेणारा देश देणाराही झाला. आता आंतरराष्ट्रीय साहाय्य येते ते मुख्यत्वे कर्जाऊ भांडवल आणि तांत्रिक मार्गदर्शन यांच्या रूपाने. पोते मोजणे सोपे होते. भांडवल योग्य शेतात, योग्य वेळी पोहोचविणे आणि त्याचा हिशेब राखणे ही त्याहून अवघड गोष्ट आहे. या कामातील मोठा वाटा राजधानीत नव्हे, तर ग्रामसभेत, कृषी सहायकाच्या नोंदवहीत आणि शेतकऱ्याच्या बांधावर पार पडतो. यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

जिल्ह्याची निकड

सोळा तालुक्यांचा हा जिल्हा वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरला आहे. नद्याकाठची जमीन काळी व कसदार, तर डोंगरउतारावरची हलकी व मुरमाड. पाऊस एरवी कमी नाही. परंतु तो पावसाळ्याच्या मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्येच दीर्घ खंड पडतो. बहुतांश शेती कोरडवाहू असल्याने असा एक खंड पिकाची आणि त्याबरोबर कर्जाच्या परतफेडीची घडी विस्कटून टाकतो. एके काळी घरोघर पिकणाऱ्या ज्वारीची जागा कापूस आणि सोयाबीन यांनी घेतली. त्यामुळे रोख उत्पन्नाची आशा वाढली, पण घरचे धान्य आणि जनावरांचा कडबा ही दोन्ही बाजारावर अवलंबून राहू लागली.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर दुःखाने घेतले जाऊ लागले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांच्या विदर्भ दौऱ्यानंतर अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, वर्धा आणि यवतमाळ या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज घोषित झाले. रोजच्या अन्नाची तजवीज देशाच्या व राज्याच्या स्वतःच्या तिजोरीतून होते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत या कायद्यात न बसणाऱ्या शेतकरी कुटुंबांनाही राज्य शासनाने सवलतीचे धान्य दिले आणि २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम देण्यास प्रारंभ केला. तेव्हा आंतरराष्ट्रीय साहाय्याचे प्रयोजन ताटातील घास पुरविणे हे नव्हे. पुढच्या वर्षी तो घास शेतकऱ्याने स्वतः मिळवावा अशी शक्ती शेतीत निर्माण करणे, हे आहे.

मदत हे विरजण

हा विचार नवा नाही. १९७० साली दुग्धविकासाची 'ऑपरेशन फ्लड' योजना सुरू झाली, तेव्हा युरोपीय आर्थिक समुदायाने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत दुधाची भुकटी व लोण्याचे तेल भेट म्हणून दिले. ते फुकट वाटून टाकले असते तर देशातील दूध उत्पादकच बुडाला असता. त्याऐवजी त्या वस्तूंपासून दूध तयार करून मुंबईसारख्या महानगरांत विकण्यात आले आणि आलेल्या पैशातून सहकारी दूध संघ, शीतकरण केंद्रे व पशुवैद्यकीय सेवा उभ्या राहिल्या. विरजण थोडेच असते; दूध मात्र आपले असावे लागते.

रोम येथे १९७४ मध्ये भरलेल्या जागतिक अन्न परिषदेच्या शिफारशीवरून १९७७ साली आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजेच 'इफाड', ही संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागातील गरिबांसाठी सवलतीच्या दराने कर्ज देणे हे तिचे कार्य. तिच्या साहाय्याने विदर्भातील उपरोक्त सहा जिल्ह्यांत समन्वयित कृषी विकास प्रकल्प राबविण्यात आला. २००९ साली मंजूर झालेला हा प्रकल्प 'केम' या संक्षिप्त नावाने परिचित झाला. त्याची आखणी सुमारे १,२०० गावांसाठी होती. एकंदर नियोजित खर्च सुमारे १२ कोटी डॉलर असून त्यात इफाडच्या कर्जाचा वाटा सुमारे एकतृतीयांश होता. उर्वरित भाग राज्य शासन, सर रतन टाटा ट्रस्ट, बँका, खासगी उद्योग आणि स्वतः लाभार्थी यांनी उचलावा, अशी योजना होती.

प्रकल्पाच्या नावातील 'समन्वय' हा शब्द येथे कळीचा आहे. जलसंधारण एका खात्याकडे, पशुसंवर्धन दुसऱ्याकडे, महिला बचत गट तिसऱ्याकडे आणि रोजगार हमीची कामे चौथ्याकडे, अशी स्थिती प्रत्येक गावात असते. त्या सर्वांची सांगड घालणारा गावपातळीवरील आराखडा तयार झाला, तरच बाहेरून आलेल्या एका रुपयाला घरचे दोन रुपये जोडले जातात. सांगड न घातल्यास तोच रुपया आणखी एक सुटी योजना होऊन बसतो.

पैसा कोणत्या वाटेने येतो?

आंतरराष्ट्रीय संस्था थेट जिल्ह्याला किंवा गावाला धनादेश पाठविते, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्याचा कर्ज घेण्याचा अधिकार भारताच्या हद्दीपुरता मर्यादित आहे. त्यामुळे परदेशी कर्ज केंद्र सरकार घेते आणि ते राज्याला देते. पूर्वी अशा साहाय्यातील काही भाग राज्यांना अनुदान व काही भाग कर्ज म्हणून मिळे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ पासून, सर्वसाधारण राज्यांना ते ज्या अटींवर केंद्राने घेतले त्याच अटींवर दिले जाते. म्हणजे परतफेड राज्याची, आणि डॉलर महागला तर त्याचा भारही राज्याचाच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे खर्च आधी होतो व पैसा नंतर येतो. राज्य शासन आपल्या अर्थसंकल्पात प्रकल्पासाठी तरतूद करते. त्यातून गावात खर्च होतो. त्या खर्चाची विवरणे जिल्ह्यातून प्रकल्प कार्यालयात, तेथून केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या सहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांकडे आणि त्यांच्यामार्फत कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जातात. विवरण मान्य झाले म्हणजे रक्कम भारत सरकारच्या खात्यात व पुढे राज्याकडे येते. एखादा खर्च करारात न बसणारा ठरला, किंवा त्याची कागदपत्रे सापडली नाहीत, तर तो अमान्य होतो आणि तेवढा बोजा राज्याच्या तिजोरीवर पडतो. शिवाय जागतिक बँकेच्या कर्जात मंजूर होऊनही न उचललेल्या रकमेवर आकार द्यावा लागतो. कामे रेंगाळली तर न वापरलेल्या पैशाचीही किंमत मोजावी लागते. एखाद्या गावातील न जोडलेली पावती ही अशा रीतीने केवळ त्या गावाची बाब राहत नाही.

संजीवनी प्रकल्पातील एक शेततळे

२०१८ मध्ये जागतिक बँकेशी करार होऊन नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. ४२ कोटी डॉलरच्या या कर्जातून पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे निवडण्यात आली आणि त्यांत यवतमाळचाही समावेश झाला. बदलत्या हवामानात कोरडवाहू शेती तगून राहावी हा प्रकल्पाचा हेतू. पहिला टप्पा २०२४ मध्ये पूर्ण झाला, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी एकवीस जिल्ह्यांची निवड झाली.

या प्रकल्पात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती स्थापन करण्यात आली. गावात पडणारा पाऊस, वाहून जाणारे पाणी, मुरणारे पाणी आणि पिकांची गरज यांचा ताळेबंद मांडून गावाचा आराखडा बनविण्याची पद्धती अवलंबिली गेली. त्यासाठी मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले.

समजा, एका अल्पभूधारक शेतकऱ्यास शेततळे हवे आहे. तो संगणकीय प्रणालीवर अर्ज करतो. समिती मान्यता देते. कृषी विभागाचे कर्मचारी जागेची पाहणी करतात आणि पूर्वसंमती मिळते. शेतकरी काम करून घेतो, देयके सादर करतो, पूर्ण झालेल्या कामाची मोक्यावर तपासणी होऊन अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेतले जाते आणि मग अनुदान थेट त्याच्या बँक खात्यात जमा होते. मधले हात टाळले जातात, हा या पद्धतीचा मोठाच गुण आहे.

परंतु याच साखळीत एक अडचण दडलेली आहे. समजा, तळ्याला एक लाख रुपये लागणार आहेत आणि ७५ टक्के अनुदान आहे. शेतकऱ्याच्या पदरी शेवटी पंचवीस हजारांचाच भार येतो, हे खरे. पण आरंभी त्याला संपूर्ण लाख उभा करावा लागतो. ज्याच्याकडे पत आहे तो उभा करतो. झरी-जामणी किंवा केळापूर तालुक्यातील कोलाम कुटुंबास, अथवा बँकेचे जुने कर्ज थकलेल्या शेतकऱ्यास ते जमत नाही. तो सावकाराकडे जाईल किंवा अर्जच करणार नाही. ज्याच्यासाठी कर्ज काढले तोच वगळला जाण्याचा धोका असा नियमांच्या चौकटीतच असतो, आणि कोणाचाही दोष नसताना तो खरा ठरू शकतो.

यावर उपाय गावातच शोधावे लागतात. नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती यांसारखी सामूहिक कामे गरिबांच्या उतारावरील जमिनीपासून सुरू करता येतात, कारण त्यांत व्यक्तीला आधी पैसा घालावा लागत नाही. बचत गटाच्या बँक कर्जाची जोड अनुदानाला देता येते. भूमिहीनांसाठी शेळीपालनासारखे घटक असतात. त्यांची माहिती वाडी-तांड्यावर पोहोचविता येते. अर्जदारांची यादी ग्रामसभेत वाचली जाते तेव्हा कोणाची नावे आली यापेक्षा कोणाची आली नाहीत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय.

अटींकडे कसे पाहावे?

परकीय साहाय्यासोबत येणाऱ्या अटी अनेकदा जाच वाटतात. काही अटी खरोखरच कागद वाढविणाऱ्या असतात. तथापि काहींचे मोल अनुभवाने पटते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. जागतिक बँकेच्या कृषी प्रकल्पांत एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा आराखडा असावा लागतो, आणि अतिघातक कीटकनाशकांवर पैसा खर्च करता येत नाही. ही अट कागदावर राहिली तर निरर्थक आहे. शेतीशाळेत कामगंध सापळा कसा लावावा, वाऱ्याच्या दिशेने फवारणी का करावी, हातमोजे व मुखपट्टी का वापरावी, हे जर मजुरी करणाऱ्यालाही शिकविले गेले, तर तीच अट प्राण वाचविते.

प्रकल्प संपल्यानंतर

प्रत्येक प्रकल्पाला अंतिम तारीख असते. त्या तारखेनंतर गाडी, कार्यालय व कंत्राटी कर्मचारी निघून जातात. मागे काय उरते, यावरून साहाय्याची खरी परीक्षा होते. इफाडच्याच साहाय्याने महिला आर्थिक विकास महामंडळाने २००७ ते २०१८ या काळात 'तेजस्विनी' कार्यक्रम राबविला. त्यात बचत गटांचे संघ म्हणून लोकसंचालित साधन केंद्रे उभारण्यात आली. गटांना दिलेल्या सेवेचे शुल्क घेऊन आपला खर्च आपण भागवावा, ही या केंद्रांमागील कल्पना होती. पुढे 'नव तेजस्विनी' प्रकल्पाची उभारणी याच पायावर झाली. ज्या कामाचा धनी गावात आहे ते टिकते. ज्याचा धनी प्रकल्प आहे ते प्रकल्पाबरोबर जाते.

म्हणूनच शेततळ्यातील गाळ कोण काढणार, औजार बँकेचे भाडे कोण वसूल करणार, ताळेबंदातील आकडे दर पावसाळ्यानंतर कोण नवे करणार, या प्रश्नांची उत्तरे पहिल्याच वर्षी ग्रामसभेच्या ठरावात असावयास हवीत. शाळेतील शिक्षक विद्यार्थ्यांकडून पर्जन्यमापकाची नोंद ठेवून घेऊ शकतात. ग्रामपंचायत प्रकल्पाचा जमाखर्च फलकावर लावू शकते. अधिकारी अमान्य झालेल्या खर्चाची कारणे गावाला समजावून सांगू शकतात. यांपैकी एकाही गोष्टीसाठी परकीय चलनाची आवश्यकता नाही.

घेतलेले कर्ज पुढील पिढीला फेडावयाचे आहे. ते फेडताना तिच्या हाती ओलावा धरून ठेवणारी जमीन, भरलेली विहीर आणि हिशेब जाणणारी ग्रामसभा असेल, तर हा व्यवहार यवतमाळच्या शेतकऱ्याला फायद्याचा ठरेल. अन्यथा शिवार कोरडे आणि कर्ज मात्र डोक्यावर, अशी अवस्था होईल. या दोहोंपैकी काय घडावे, याचा निर्णय मुख्यतः गावातच व्हावयाचा आहे.