गढूळ नळी, दोन रेघा

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडे, सालेकसा-देवरीच्या बाजूला, एखाद्या आश्रमशाळेत सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर लागतं तेव्हा टेबलावर फारसं काही मांडलेलं नसतं. काचेच्या नळ्यांचा स्टँड, बफरची बाटली, टोचायच्या सुया, कापूस आणि जाड काळ्या रेघा छापलेला एक कागद. तंत्रज्ञ नळीत दोन मिलिलिटर द्रावण घेतो, मुलाच्या बोटातून काढलेलं थेंबभर रक्त त्यात सोडतो, हलवतो आणि पाच मिनिटं थांबतो. मग नळी रेघांच्या कागदासमोर धरतो. आरपार रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर वहीत नोंद होते, 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह'.

त्या पाच मिनिटांत नळीत जे घडतं, ते रेणवीय जीवशास्त्रातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या घटनांपैकी एक आहे. द्रावणातलं सॅपोनिन लाल पेशी फोडतं आणि हिमोग्लोबिन मोकळं होतं. सोडियम डायथायोनाइट त्याच्याकडचा ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन तरीही विरघळलेलं राहतं. सिकलसेलचं हिमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन जाताच एकमेकाला चिकटू लागतं आणि द्रावणाबाहेर पडतं. दोन प्रथिनांची एकमेकांवरची पकड पाहायला एरवी महागडी यंत्रं लागतात. इथे ती उघड्या डोळ्यांना दिसते.

पण ही नळी अर्धीच गोष्ट सांगते. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला 'वाहक' असो की दोघांकडून आलेला 'रुग्ण', दोघांचीही नळी गढूळच होते. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिसने. एक चपटी पेटी, दोन्ही टोकांना अल्कधर्मी बफर, मध्ये सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी आणि तिच्यातून सोडलेला वीजप्रवाह. पट्टीवर ठेवलेलं हिमोग्लोबिन धन टोकाकडे सरकू लागतं. निरोगी 'ए' पुढे निघतं, सिकलसेलचं 'एस' मागे रेंगाळतं. पुढे एकच पट्टा दिसला तर निरोगी, मागे एकच दिसला तर 'एसएस पॅटर्न', दोन्हीकडे दिसले तर 'एएस पॅटर्न'. मोठ्या रुग्णालयांत हेच काम आता एचपीएलसी यंत्र करतं. पण 'पॅटर्न' हा शब्द पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या घराघरांत पोचला तो या पेटीमुळे. निकालाप्रमाणे कार्ड मिळतं: वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल.

'एस' मागे का रेंगाळतं, या प्रश्नातून एक अख्खी विद्याशाखा उभी राहिली. 1949 साली अमेरिकेत लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर दोन्ही हिमोग्लोबिनं वेगळी करून दाखवली आणि आपल्या शोधनिबंधात सिकलसेलला 'रेणवीय रोग' म्हटलं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूच्या घडणीत असल्याचं प्रथमच सिद्ध झालं होतं. 1956-57 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्राम यांनी नेमकी जागा दाखवली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेलं असतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. भार कमी झाला म्हणून 'एस' मागे पडतं.

आजाराचं कारणही हेच व्हॅलिन. त्याला पाणी नकोसं असतं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर एक छोटी खाच मोकळी होते. तिथली अमिनो आम्लंही पाणी टाळणारीच. व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जुळत जातात, चौदा धाग्यांचा पीळ तयार होतो आणि लवचीक लाल पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकल्या की हाडांमध्ये, पोटात, छातीत जीवघेण्या कळा येतात. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही जेमतेम दहा ते वीस दिवस.

भारतात हा दोष 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. तेव्हापासून विदर्भ सिकलसेलच्या नकाशावर आहे. त्यालाही कारण आहे. वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्यांच्या या मुलखात पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, म्हणून हा बदल टिकला. दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. सोयरिकीच्या बोलण्यात पिवळं कार्ड लपवलं जातं ते याच भीतीने. लपवण्याची पाळी बहुतेक वेळा मुलीच्या घरावर येते.

रेणू माहीत, दोष माहीत, खाचही माहीत. ऑक्सिजन नसलेल्या 'एस'ची स्फटिकरचना 1975 मध्येच प्रसिद्ध झाली होती. मग त्या खाचेत आधीच जाऊन बसेल असं औषध का नाही? औषध-रचनेच्या अभ्यासकांना हा प्रश्न पन्नास वर्षं छळतो आहे. एक अडचण अशी की खाच उथळ आहे, छोट्या रेणूला तिथे पक्का आधार मिळत नाही. दुसरी त्याहून मोठी. औषधाचं लक्ष्य असणारं प्रथिन एरवी शरीरात अत्यल्प असतं, म्हणून काही मिलिग्रॅमची गोळी पुरते. इथे लक्ष्य खुद्द हिमोग्लोबिन आहे, आणि ते शरीरात काही शे ग्रॅम भरतं. त्याचा थोडा हिस्सा अडवायचा म्हटलं तरी औषध ढिगाने द्यावं लागेल.

म्हणून काही शास्त्रज्ञांनी खाचेचा नाद सोडून ऑक्सिजनवर लक्ष दिलं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरून ठेवला तर खाच उघडणारच नाही. व्होक्सेलोटर हे औषध याच तर्काने घडवलं गेलं. ते अल्फा साखळीच्या टोकाला चिकटतं. तरीही रोजचा डोस दीड ग्रॅम. रुग्णांचं हिमोग्लोबिन वाढलं आणि 2019 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पण पुढच्या माहितीत कळांचे झटके आणि मृत्यू यांबद्दल शंका उभी राहिली आणि सप्टेंबर 2024 मध्ये फायझर या कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. रक्ताचा आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारलाच असं नाही, हा धडा त्यातून मिळाला.

टिकली ती तिसरी वाट, आणि ती दाखवली होती तान्ह्या बाळांनी. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की रुग्ण बाळांच्या पेशी जन्मानंतर काही महिने फारशा वाकत नाहीत. गर्भात तयार झालेलं 'एफ' हिमोग्लोबिन तेव्हा रक्तात भरपूर असतं आणि ते 'एस'च्या पिळात सामील होत नाही. कर्करोगासाठी वापरात असलेलं हायड्रॉक्सियुरिया हे जुनं औषध मोठ्यांमध्येही 'एफ' वाढवतं असं दिसलं. 1995 च्या अमेरिकी चाचणीत त्याने कळांचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मुलांना वजनाच्या दर किलोला फक्त 10 मिलिग्रॅम असा कमी डोस देऊन पाहिला. तोही गुणकारी ठरला. स्वस्त गोळी, कमी मात्रा, म्हणून तालुक्याच्या ठिकाणीही झेपेल असा हा उपाय आहे.

'भरपूर पाणी प्या' या सल्ल्यामागेही हेच रेणूशास्त्र आहे. पेशीतलं पाणी थोडं घटलं की हिमोग्लोबिन दाट होतं, आणि किंचित दाट झालं तरी पीळ जमायचा वेग कैक पटींनी वाढतो. पेशी बारीक वाहिनीतून सुटायच्या आतच ताठ होते. मे महिन्यात तेंदूपानं तोडायला जाणाऱ्या किंवा रोवणीत दिवसभर राबणाऱ्या रुग्णाला पाण्याची बाटली ही औषधाइतकीच गरजेची असते.

जनुकोपचाराच्या एका पद्धतीचं लक्ष्यही 'एफ'च. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने रुग्णाच्या मूलपेशींतला एक खटका बंद करते आणि 'एफ' पुन्हा तयार होऊ लागतं. अमेरिकेत तिची किंमत आहे 22 लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने 'बिरसा 101' ही देशी क्रिस्पर उपचारपद्धती नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केली. तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. ती रुग्णांपर्यंत कधी आणि किती खर्चात पोचते, यावर तिचं मोल ठरेल.

देशात 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचं लक्ष्य. पण शिबिरातल्या त्या नळीची एक मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त तिला ओळखता येत नाही, कारण त्याच्या रक्तात 'एफ' जास्त असतं. जे हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं, तेच त्याचा आजार नळीपासून लपवतं. आणि ते ओसरू लागतं तेव्हाच जंतुसंसर्गाचा सर्वांत मोठा धोका असतो. 1986 च्या एका अमेरिकी चाचणीत लहान मुलांना रोज साधं पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकस या जंतूचे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाले होते. त्यासाठी कुठलाही नवा रेणू घडवावा लागला नाही. मूल रुग्ण आहे हे वेळेत कळणं तेवढं आवश्यक होतं.

म्हणून गोंदियासारख्या जिल्ह्यात आधी हवी ती प्रसूतिगृहातच टाचेच्या थेंबभर रक्तावर एचपीएलसीने होणारी तपासणी. वाहक मातेच्या प्रत्येक बाळाची ती झाली पाहिजे, अहवाल आशाताईंमार्फत घरी पोचला पाहिजे आणि पेनिसिलिन उपकेंद्रात मिळालं पाहिजे. उद्या 'बिरसा' स्वस्त झालीच, तर ती द्यायची कुणाला याची यादीही त्यातूनच तयार होईल.