अर्ध्या युनिटाचं चाक

सकाळी ७:०० – मशिनं सुरू व्हायच्या आधीचा तास हिशेबाचा. फिरत्या वेगात वीज साठवणाऱ्या आमच्या चाकाची नवी चकती पोलादी, ६०० मिलिमीटर व्यासाची, १३० मिलिमीटर जाड. वजन २८८ किलो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर तिच्यात ०.७१ युनिट ऊर्जा मावते. वेग निम्मा झाला की ऊर्जा पाव उरते. म्हणून ३,००० फेऱ्यांपर्यंत उतरवली तर हाती येतं ०.५३ युनिट. एवढं धूड आणि अर्धा युनिट, म्हणून पाहुणे हसतात. पण १० किलोवॅटचा भार तीन मिनिटं ओढायला तेवढं पुरतं आणि आमची गिऱ्हाइकं त्या तीन मिनिटांचीच आहेत.

९:०० – टेम्पोतून फोर्जिंग उतरतं. कार्बन फायबर का नाही, असं हमखास विचारलं जातं. किलोमागे तो पोलादापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा धरतो, हे खरं. पण जमिनीत बसवलेल्या चाकाला वजनाची काय फिकीर? आम्ही रुपयामागची ऊर्जा मोजतो, आणि तिथं पोलाद पुढे आहे. लेथवर चढण्याआधी अल्ट्रासॉनिक तपासणी होते. आत भेग दिसली तर जॉब परत.

११:०० – लेथवरच्या मामांचा जुनाच प्रस्ताव: “मॅडम, मधोमध भोक पाडू, शाफ्ट ठोकून बसवू. एक दिवस वाचेल.”

“मामा, भोक कितीही बारीक असलं तरी मध्यावरचा ताण दुप्पट होतो.”

कागदावर दाखवते: भरीव चकतीत ११५ मेगापास्कल, भोकासह २३०. पहिला आकडा साधं ईएन-८ पोलाद आरामात सोसतं. दुसऱ्याला ईएन-२४ घ्यावं लागेल आणि ते महाग. म्हणून शाफ्टची दोन्ही टोकं चकतीच्याच अंगातून काढायची.

“म्हणजे माझा दिवस वाढला, तुमचे पैसे वाचले,” मामा म्हणतात आणि चक आवळतात.

दुपारी २:०० – बॅलन्सिंग. जी २.५ दर्जा पाळायचा तर या वेगाला वस्तुमानाचं केंद्र अक्षापासून ४ मायक्रॉनच्या आत हवं. २७० मिलिमीटर त्रिज्येवर त्याचे होतात जेमतेम चार ग्रॅम, सुपारीच्या खांडाएवढे. जड बाजूचा धातू कडेला ड्रिलने काढतात. तिथं ताण कमी असतो, त्यामुळे भोक चालतं.

४:०० – आधीच्या चाकाची चाचणी काँक्रीटच्या खड्ड्यात, जाड झाकणाखाली. पूर्ण वेगात या आकाराच्या चकतीत, एक टनाची मोटार ताशी २५८ किलोमीटरने धावताना जेवढी असते तेवढी ऊर्जा असते. त्यामुळे खड्ड्याजवळ कोणी थांबत नाही, आकडे पलीकडच्या खोलीत वाचायचे. मोटर बंद करून वेग कसा उतरतो ते नोंदवतो. हवेत खर्च होणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून खड्ड्यात व्हॅक्यूम. वरचं चुंबक चाकाचं बहुतेक वजन उचलून धरतं. बेअरिंगवर थोडंच येतं. हे लाड नाहीत. चाक नुसतं फिरत ठेवायला ५०० वॅट लागले, तर दिवसाला १२ युनिट जातील आणि तेही अर्धा युनिट सांभाळायला! ५० वॅटवर आणलं तर १.२ युनिट.

६:०० – फोन. शेतघरावर सौर पॅनेल आहेत, त्यांची वीज चाकात भरून रात्री वापरायची आहे. मी सांगते, “काका, रात्रीसाठी बॅटरीच घ्या.” न्यूयॉर्क राज्यातल्या स्टीफनटाउनला २०११ साली २०० चाकांचं २० मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं, तेही पूर्ण शक्तीनं पंधराच मिनिटं चालेल असं. ग्रिडची फ्रीक्वेन्सी सावरायला तेवढं पुरतं. चाकाचं काम झटका झेलण्याचं: वीज जाऊन जनरेटर येईपर्यंतची फट भरायची, क्रेननं ओझं उतरवताना सुटलेली ऊर्जा धरायची आणि पुढच्या उचलीला परत द्यायची. दिवसातून शेकडो वेळा भरलं-रिकामं केलं तरी पोलादाची धारणा बॅटरीसारखी घटत नाही.

रात्री ८:०० – क्रेनवाल्या कारखान्याचं कोटेशन. चकती या यादीत स्वस्तातली; पैसा जातो खड्डा, व्हॅक्यूम, बेअरिंग आणि ड्राइव्हला. म्हणून आमच्या कोटेशनात किंमत दुसऱ्या ओळीवर असते. पहिल्या ओळीवर हे चाक स्वतःसाठी दिवसाला किती युनिट खातं तो आकडा. गिऱ्हाइकानं त्याला आपल्या वीजदरानं गुणावं, आणि मगच किंमत वाचावी.