पुस्तक छापा, पण आधी वहीत हिशेब मांडा

आपल्या समाजात आज लिहिणाऱ्या हातांची वाण नाही. जिनिंगमध्ये हमाली करणारा भाऊ भीमगीते रचतो, अंगणवाडीतली ताई कविता लिहिते, निवृत्त झालेले गुरुजी आत्मकथन पूर्ण करून बसलेले असतात. अडचण येते ती पुढे. मोठा प्रकाशक दाद देत नाही, मग माणूस स्वतःच पुस्तक काढायचे ठरवतो. पतसंस्थेतून कर्ज निघते, प्रसंगी घरच्या लक्ष्मीची पोत गहाण पडते. थाटात प्रकाशन होते, शाली पांघरल्या जातात, फोटो निघतात. आणि वर्षभराने पुस्तकांचे गठ्ठे दिवाणाखाली धूळ खात पडतात, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो. घरातली माणसे मग त्या पुस्तकाकडेच रागाने पाहू लागतात. हे टाळता येते. कसे, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा मार्ग आपल्याला नवा नाही

स्वतःच्या खर्चाने छापणे म्हणजे कमीपणा, असे कुणी समजू नये. आपल्या विदर्भातले किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० साली स्वतःचा छापखाना काढला आणि त्यातून आपली पत्रे चालवली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नाही. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, तरीही १९२३ साली ते पत्र बंद पडले. पुढे 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले, पण १९२९ साली पैशाअभावी तेही थांबले. एवढ्या थोर विद्वानाची लेखणी असूनही कागदाचा आणि छपाईचा खर्च सुटला नाही, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे उदाहरण १९३६ सालचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण वाचून ते बिचकले आणि परिषदच रद्द झाली. छापलेले भाषण बाबासाहेबांनी पुस्तक म्हणून लोकांपुढे ठेवले. १५०० प्रतींची ती इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. हेच ते 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. वाचकाला जे हवे ते वेळेवर त्याच्या हातात पडले, तर मोठ्या प्रकाशकावाचून अडत नाही.

तिसरे उदाहरण मन हेलावणारे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईला सुमारे वीस हजार रुपये लागणार होते. हा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, सरकारने ५०० प्रती घ्याव्यात, असे पत्र बाबासाहेबांनी १४ सप्टेंबर १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंना लिहिले. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. तो ग्रंथ १९५७ साली बाहेर पडला, तेव्हा तो पाहायला बाबासाहेब नव्हते. प्रती आधीच कुणी घ्याव्यात, म्हणजे छपाईचा भार हलका होईल, ही त्यांची युक्ती मात्र आजही तितकीच उपयोगी आहे.

आता आकड्यांकडे वळू

वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्याने कारकून असल्यामुळे मला आकड्यांवाचून बोलवत नाही. दर गावागावांत आणि छापखान्या-छापखान्यांत वेगळे असतात, म्हणून पुढचे आकडे फक्त रीत समजण्यासाठी घ्यावेत.

समजा, १२८ पानांच्या पुस्तकाच्या ३०० प्रती काढायच्या आहेत. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन ८,००० रुपये, मुखपृष्ठ २,०००, छपाई, कागद व बांधणी १८,०००, टपाल व प्रवास ४,०००. एकूण ३२,००० रुपये. त्या ३०० प्रतींतून ग्रंथालयांना, परीक्षणाला आणि भेट म्हणून ३० प्रती जातील. विकायला उरल्या २७०. किंमत १५० रुपये ठेवली. निम्म्या, म्हणजे १३५ प्रती तुम्ही स्वतः विकल्या तर २०,२५० रुपये आले. उरलेल्या १३५ दुकानदाराला ४० टक्के सूट देऊन दिल्या, तर प्रतीमागे ९० रुपयांप्रमाणे १२,१५० रुपये. दोन्ही मिळून ३२,४००. म्हणजे एकूण एक प्रत विकली जाऊन हाती राहिले अवघे ४०० रुपये! आणि स्वतः १५० प्रती विकून हात टेकले, तर साडेनऊ हजारांचा खड्डा.

म्हणून छापण्याआधी वहीत शंभर नावे लिहून काढा. जो आजच पैसे देईल त्याचेच नाव लिहायचे, 'छान आहे, काढा तुम्ही' एवढेच म्हणणाऱ्याचे लिहायचे नाही. १५० रुपयांचे पुस्तक आगाऊ नोंदणीत १२० रुपयांना ठेवा. शंभर जणांनी पैसे दिले की १२,००० रुपये छापण्याआधीच जमतात. प्रत्येकाला पावती द्या आणि पुस्तक किती तारखेपर्यंत मिळेल ते त्यावर लिहा. शंभर नावे मिळालीच नाहीत, तर ३०० ऐवजी ५० प्रती काढा. आता डिजिटल छपाईत थोड्या प्रतीही निघतात. प्रतीमागे खर्च जास्त येतो, पण गठ्ठे घरात पडत नाहीत. दागिना गहाण टाकून पुस्तक काढू नका.

छापखान्यात जाताना

पुस्तक बहुधा १६ पानांच्या फॉर्मवर छापले जाते. १२८ पाने म्हणजे बरोबर आठ फॉर्म. मजकूर १३० पानांवर गेला तर दोन पानांसाठी नवा फॉर्म लागू शकतो, तेव्हा आधीच विचारून मजकूर आटोपशीर करा. निदान तीन छापखान्यांतून लेखी दर आणा. कागद किती जीएसएमचा, बांधणी शिलाईची की नुसत्या गोंदाची, हेही कागदावर घ्या. मुद्रिते किमान दोन माणसांना वाचायला द्या, कारण आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही. मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या आणि त्याची फाइल स्वतःजवळ ठेवा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा जुळणी करावी लागणार नाही.

तुमच्याकडूनच मोठी रक्कम घेऊन 'आम्ही पुस्तक काढतो' म्हणणारेही भेटतील. प्रती किती, विक्री कोण करणार, हक्क कुणाचा, हे करारात नसेल तर पैसे देऊ नका.

सरकारी कागदपत्रे

आयएसबीएन क्रमांक लेखकालाही मिळतो आणि तो मोफत असतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागितले तर नकार द्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरलेल्या चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढले की तुम्हीच प्रकाशक. याला भुर्दंड समजू नका. तुमच्या माघारीही तुमचे पुस्तक देशाच्या ग्रंथालयात राहील.

लेखनाचा हक्क लिहिताक्षणी तुमचा होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणूनच दुसऱ्या कवीचे गाणे किंवा कुणाचा फोटो परवानगीवाचून पुस्तकात घालू नका. बाबासाहेबांचे जे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले, ते २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे.

पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळाची सूचना निघाली की मुदतीत हस्तलिखित पाठवा. नकार आला तरी बिघडत नाही, मंजूर झाले तर मोठा भार उतरतो.

विक्री कशी करावी

प्रकाशन समारंभावर छपाईइतका खर्च करणारे पाहिले की वाईट वाटते. मंडप नको, बाहेरगावचे पाहुणे नकोत. रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे पुस्तकातले एखादे पान वाचून दाखवा आणि दाराशी टेबल मांडा. टेबलावर घरातले एक माणूस आणि एक वही असावी. उधारी देऊ नका. ओळखीच्या माणसाला उधार दिलेले पुस्तक वसूल करताना ओळखही जाते.

दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लोक पुस्तके विकत घेऊन परततात, ही आपल्या समाजाची मोठी कमाई आहे. पण तिथे स्वतंत्र गाळा घेणे एका पुस्तकाला परवडत नाही. चार-पाच लेखकांनी मिळून गाळा घ्या, नाहीतर ओळखीच्या विक्रेत्याकडे वीस प्रती लेखी नोंद करून ठेवा. येणारा माणूस परतीचे भाडे बाजूला काढून खरेदी करतो, म्हणून किंमत ५०, १००, १५० अशी सुट्या पैशांची कटकट न होणारी ठेवा. मोबाइलवरून पैसे घेण्यासाठी क्यूआर कोडही लावा. ३ ते ५ फेब्रुवारी २०२३ ला वर्ध्यात अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही भरले. असे मेळावे आपल्या जिल्ह्यात येतात तेव्हा अल्लीपूर-हिंगणघाटच्या लेखकाची पिशवी रिकामी असू नये.

गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना पत्र लिहा. सोबत पुस्तकाचे नाव, पाने, किंमत आणि चार ओळींची माहिती द्या. साप्ताहिकांना परीक्षणासाठी पाच-सहा प्रती पाठवा, पन्नास नव्हे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा सुरू केली आहे. तुमचे पुस्तक तिच्यात बसते का, आणि चालू दर काय, ते आपल्या डाकघरात विचारून घ्या.

बायाबापड्यांच्या वह्या

शेवटी एक विनंती. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहीत. ते लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. १९८६ साली त्याचे 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले आणि आज ते परदेशातही वाचले जाते. आपल्या घरात आई, आजी, आत्या यांच्या अशा वह्या असतील. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. पन्नास प्रतींचे का होईना, पुस्तक काढा. पण हिशेब मांडून काढा. पुस्तकाने घराला मान द्यावा, कर्ज देऊ नये. पहिल्याचे पैसे सुटले, तरच आपल्या वस्तीतून दुसरे पुस्तक निघेल.

जयभीम!