नवशिक्याचा चिरूट

औरंगपुऱ्यांतील एकाद्या सुशिक्षित घरीं दिवाळीच्या सुटींत परदेशीं नोकरीस असलेला भाचा येतो. त्याच्या सामानांतून खजूर निघतो, अत्तराची कुपी निघते, मामींसाठीं शाल निघते आणि सर्वांत शेवटीं मामांसाठीं म्हणून सुवासिक लाकडाची एक चपटी पेटी बाहेर येते. आंत चिरूट मांडलेले असतात. कांहीं मधाच्या रंगाचे, कांहीं कॉफीच्या, कांहीं जवळजवळ काळे. कांहीं करंगळीएवढे, तर कांहीं अंगठ्याहून जाड. मामांची आजवरची मजल पानसुपारीपलीकडे गेलेली नाहीं. पण पाहुण्याचें मन मोडवत नाहीं. ते थोडा विचार करतात आणि सर्वांत फिका व सर्वांत बारीक चिरूट उचलतात. फिका तो सौम्य आणि बारीक तो हलका, हा त्यांचा हिशेब. भाचाहि त्यांना धीर देतो : "धूर छातींत घ्यायचाच नाहीं, मामा. नुसता तोंडांत खेळवायचा आणि सोडून द्यायचा. सिगारेटसारखा यांत अपाय नाहीं."

मामांचा हिशेब आणि भाच्याचा दिलासा, दोन्ही फार लोकप्रिय आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. ते कां, हें समजण्यासाठीं चिरूट ही वस्तु आहे तरी काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

चिरूट हा शब्द मूळचा तमिळ. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. एकोणिसाव्या शतकांत त्रिचनापल्ली हें या धंद्याचें नांवाजलेलें ठिकाण होतें आणि दिंडीगुलकडची तंबाखू त्यासाठीं वापरीत. हा माल विलायतेंत इतका परिचित झाला होता कीं, १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरींत तो हेर नुसत्या राखेवरून गुन्हेगार त्रिचनापल्ली चिरूट ओढीत होता असें सांगून मोकळा होतो. दक्षिणेकडचा हा चिरूट सरळसोट असून त्याचीं दोन्ही टोंकें उघडीं असतात. क्यूबाच्या धर्तीवरच्या सिगारचें एक टोंक पानाच्या टोपीनें बंद केलेलें असतें व ओढण्यापूर्वीं तें कापावें लागतें. मराठींत मात्र दोघांनाहि चिरूटच म्हणण्याची वहिवाट आहे.

विडी आणि सिगारेट यांच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे चिरुटाचें वेगळेपण चटकन ध्यानांत येतें. निपाणीची तंबाखू विडींत जाते ती टेंभुर्णीच्या पानांत गुंडाळून. सिगारेटींत तंबाखूभोंवतीं कागद असतो. चिरुटांत आंतून-बाहेरून तंबाखूच. त्याचे थर तीन : आंतला गाभा, त्याला आवळून धरणारें बांधणीचें पान, आणि सर्वांवरून फिरवलेलें, शिरा फारशा न दिसणारें असें वेष्टनाचें देखणें पान. विड्याचें पान निवडतांना बनारसी, मगई, कपुरी असा भेद करणाऱ्या घराला हें सांगावयास नकोच कीं, पान म्हणून सगळीं पानें सारखीं नसतात. तंबाखूच्या एकाच रोपावरचीं खालचीं पानें पातळ आणि लवकर पेटणारीं असतात, मधलीं सुवासिक असतात, आणि शेंड्याकडचीं, उन्हांत अधिक तापलेलीं, जाड, तेलकट व कडक असतात. गाभा भरणारा कारागीर यांचें प्रमाण ठरवितो. चिरूट सौम्य कीं कडक, हें बव्हंशीं तेथेंच ठरून जातें, आणि तो गाभा तर बाहेरून दिसत नाहीं.

म्हणजे मामांनीं रंग पाहिला तो वेष्टनाचा. पान तोडल्यावर तें वाळवितात, मग जुड्या बांधून त्यांचे ढीग रचतात. ओलसर ढिगांत आपोआप ऊब निर्माण होते, पान आंबतें, अमोनियाचा उग्र वास उडून जातो. हें आंबवणें जितकें दीर्घ व उष्ण, तितकें पान काळपट होतें, आणि पुष्कळदां तितकें चवीला गोडसरहि. त्यामुळें काळा चिरूट मवाळ निघतो आणि मधाच्या रंगाचा चिरूट नवशिक्याला घेरी आणतो, असें सर्रास घडतें. बारीकपणाचीहि तीच गोष्ट. बारीक चिरुटांत तंबाखू कमी असते हें खरें, परंतु घाईघाईनें ओढल्यास तो लवकर तापतो आणि धूर जिभेला झोंबतो. जाड चिरुटाचा धूर निवळ लागतो. पण तो तासभर चालतो, आणि तेवढा वेळ तोंडांत तंबाखूच असते. जाणते लोक नवशिक्याला मध्यम जाडीचा व आंखूड चिरूट सुचवितात, तो याच दोन अडचणींतून वाट काढण्यासाठीं. जाडी मोजण्याची रीत अशी कीं, इंचाचे चौसष्ट भाग करावयाचे. पन्नास अंकाचा चिरूट म्हणजे चौसष्टांपैकीं पन्नास भाग जाडीचा, पाऊण इंचाहून किंचित अधिक.

निवडतांना डोळ्यांपेक्षां बोटांवर भरंवसा ठेवावा. चिरूट दोन बोटांत हलकेंच दाबीत एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जावें. मध्येंच गांठ लागली तर धूर अडेल. पोकळ लागला तर तो भडकून जळेल. कुरकुर आवाज आला तर पान वाळून गेलें आहे असें समजावें. मराठवाड्याच्या हवेंत ही शेवटची परीक्षा विशेष महत्त्वाची. चिरूट टिकतो तो हवेंत ६५ ते ७० टक्के आर्द्रता असतांना. चैत्र-वैशाखांत येथील कोरड्या झळा लागल्या कीं उघड्यावरचा चिरूट थोड्याच दिवसांत तडकतो. उलट पावसाळ्यांत त्याच्यावर बुरशी धरते, आणि उष्णता वाढली तर तंबाखूंतील किड्याचीं अंडीं उबून पानाला सुईच्या अग्राएवढीं भोंकें पडतात. असें भोंक दिसलें तर त्या एका चिरुटावर न थांबतां सगळी पेटी तपासावी. पेटविण्याच्या टोंकाचा वास घ्यावा. अमोनिया नाकाला झोंबला तर माल कच्चा आहे.

पेटविण्याचा विधि थोडक्यांत सांगतां येतो. बंद टोंकाची फक्त टोपी कापावी, खोल कापल्यास वेष्टन उलगडतें. ज्योत टोंकाला न भिडवितां जरा दूर धरून फिरवावी. मिनिटाला एक झुरका पुरे. दोनतृतीयांश जळल्यावर कडवटपणा वाढतो. तेव्हां चिरूट ठेवून द्यावा, तो आपोआप विझतो.

भाच्याच्या दिलाशाकडे वळण्यापूर्वीं एक जुनी हकीकत आठवावयास हवी, कारण असाच प्रसंग चारशें वर्षांपूर्वीं अकबराच्या दरबारांत घडला होता आणि ती तंबाखूहि दक्षिणेंतूनच गेली होती. असद बेग नांवाचा मोंगल वकील विजापूरच्या दरबारीं गेला असतां त्यानें तेथें तंबाखू पाहिली. उत्तरेंत ती तोंवर त्याच्या पाहण्यांत नव्हती. १६०४-०५ च्या सुमारास तो आग्र्यास परतला, तेव्हां त्यानें बादशहासाठीं रत्नजडित नळी आणि तंबाखू नजराणा म्हणून नेली. अकबरानें कौतुकानें दोनतीन झुरके घेतले. त्याच्या हकिमानें लगेच हरकत घेतली : हें द्रव्य आपल्या ग्रंथांत नाहीं, त्याचे गुणदोष कोणीं पारखलेले नाहींत, तें हुजुरांनीं कां घ्यावें? असद बेगानें उत्तर दिलें कीं, फिरंगी लोकांतहि शहाणे आहेत, नवी वस्तु नवी म्हणून टाकूं नये. युक्तिवाद बादशहाला आवडला. पण पुढें तंबाखूची संवय त्यानें लावून घेतली नाहीं. ती लावून घेतली सरदारांनीं. मागणी वाढली, व्यापारी विकूं लागले, आणि १६१७ सालीं जहांगिराला मनाईचा हुकूम काढावा लागला. तो फारसा कोणीं मानला नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

हकिमापाशीं तेव्हां फक्त शंका होती. आज पुरावा आहे. सिगारेटचा धूर बहुधा आम्लधर्मी असतो. त्यांतलें निकोटिन तोंडांत फारसें शोषलें जात नाहीं, म्हणून ओढणारा तो छातींत घेतो. चिरुटाची तंबाखू वेगळ्या रीतीनें वाळविलेली व आंबविलेली असल्यामुळें त्याचा धूर क्षारधर्मी होतो, आणि अशा धुरांतलें निकोटिन गालाच्या व जिभेच्या त्वचेंतूनच थेट रक्तांत उतरतें. धूर आंत घेण्याची गरजच पडत नाहीं! भाचा ज्याला सुरक्षितपणा म्हणतो, ती वस्तुतः चिरुटाची ताकद आहे. मोठ्या एका चिरुटांत सिगारेटच्या सबंध पाकिटाइतकी तंबाखू असूं शकते. उपाशीपोटीं ओढणाऱ्या नवशिक्याला घाम फुटतो, मळमळतें, डोकें गरगरतें, तें या निकोटिनामुळेंच. त्यानें चिरूट खालीं ठेवावा, हवेंत बसावें.

गरगरणें तासाभरांत ओसरतें. न ओसरणारा धोका धुरांतल्या इतर द्रव्यांचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९९८ सालीं चिरुटावर स्वतंत्र ग्रंथ काढून त्याचा संबंध तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशीं जोडून दाखविला. जो धूर नुसता तोंडांत खेळवावयाचा, तो तोंडाला तर लागतोच. आंध्राच्या किनाऱ्यावर कांहीं स्त्रिया 'चुट्टा' नांवाचा गांवठी चिरूट जळतें टोंक तोंडांत धरून ओढीत आल्या आहेत, आणि टाळूचा कर्करोग त्यांच्यांत विशेष आढळतो. मामांची रीत सौम्य खरी. पण 'सौम्य' हा शब्द चवीचा आहे, अपायाचा नाहीं. कमी ओढणाऱ्याला धोका कमी असतो. निर्धोक म्हणावा असा चिरूट मात्र कोठल्याच पेटींत नसतो.

कायदाहि याच बाजूचा आहे. २००३ सालच्या केंद्रीय कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूचा माल विकण्यास, तसेंच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आंत तो विकण्यास बंदी केली. औरंगपुऱ्यांत सरस्वती भुवनच्या शाळा-महाविद्यालयाभोंवतीं तेवढी रेघ मनांत ओढून पाहिली, तर नित्याच्या रहदारीचा केवढातरी भाग तिच्यांत येतो. पेटीचें झांकण उघडतांना त्या वाटेनें शाळेंत जाणारीं घरचीं मुलें भोंवतीं जमलेलीं असतात, हेंहि मामांनीं विसरूं नये. बैठकींत ओढलेल्या चिरुटाचा धूर पडद्यांत दिवसेंदिवस राहतो आणि त्याच हवेंत तीं मुलें अभ्यासाला बसतात.

इतकें ऐकून मामांनीं भाच्याच्या मनासाठीं एक चिरूट ओढावयाचाच ठरविला, तर आंखूड निवडावा, जेवणानंतर गच्चीवर एकट्यानें ओढावा, अर्ध्यावर ठेवून द्यावा आणि दुसऱ्या दिवशीं दुसरा काढूं नये. न ओढावयाचें ठरविलें, तर पाहुण्याचा अपमान होत नाहीं. अकबरानेंहि नजराणा घेतला होताच. पेटीचें काय करावें हा प्रश्न उरत नाहीं. तें सुवासिक लाकूड पाहिल्यापासून मामींनीं ती सुया-दोऱ्यांसाठीं मनांत धरून ठेवली आहे.