कादंबरीतला बहिणींचा अबोला कसा वाचावा

दोन बहिणी, एक जुना घाव आणि वर्षानुवर्षांचा अबोला. अशी कादंबरी हाती आली की आपल्याला घाई असते ती शेवटाची: माफ केलं की नाही? त्याऐवजी टप्प्याटप्प्याने जाऊ. उदाहरणाला इयन मॅक्युअन यांची २००१ सालची ‘अटोनमेंट’ घेऊ. (शेवट सांगावाच लागणार आहे. तो आधी कळायला नको असेल, तर आधी कादंबरीच वाचावी.)

सुरुवातीला अपराध नेमका काय, ते पाहायचं. १९३५चा उन्हाळा, इंग्लंडमधलं एक मोठं घर. तेरा वर्षांची ब्रायोनी थोरल्या बहिणीला, सिसिलियाला, मोलकरणीचा मुलगा रॉबी याच्याबरोबर कारंज्यापाशी पाहते. पुढे त्याने सिसिलियाला लिहिलेली चिठ्ठी वाचते. त्याच रात्री मावसबहिणीवर अत्याचार होतो आणि ब्रायोनी पोलिसांना सांगते, तो रॉबीच होता.

‘लहान पोर, गैरसमज झाला’ म्हणून आपण इथे तिला सोडून देतो आणि पुढचं सगळंच हातातून निसटतं. अंधारात तिला दिसली होती फक्त एक आकृती. खात्री तिची स्वतःची. शिवाय तो मोलकरणीचा मुलगा, त्यामुळे घरच्यांनाही ते सहज पटलं आणि रॉबी तुरुंगात गेला. म्हणून तर सिसिलिया एकट्या बहिणीशी नाही, सगळ्या घराशीच संबंध तोडते.

पुढचा टप्पा अबोल्याचा. सिसिलिया लंडनमध्ये नर्स होते. काही वर्षांनी ब्रायोनीही केंब्रिजला जायचं सोडून नर्सिंग पत्करते. आपल्याला वाटतं, फेडलं बिचारीने! पण तिने कितीही बेडपॅन धुतले तरी रॉबीची तुरुंगातली वर्षं परत येत नाहीत. स्वतःला शिक्षा करून घेतल्याने अपराध्याला हलकं वाटतं. ज्याचं नुकसान झालं, त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

मग भेट. १९४०, लंडनच्या बॅलम भागातली खोली. रॉबीही तिथेच आहे. माफी मिळणार नाही, हे सिसिलिया स्पष्ट सांगते. मात्र दोघं ब्रायोनीला कामं नेमून देतात: आईवडिलांना खरं सांग, वकिलाकडे जाऊन जबानी बदल, रॉबीला सगळं सविस्तर लिहून पाठव. रडारड नाही, यादी. मला हा प्रसंग कादंबरीतला सर्वांत पक्का वाटतो.

तुलनेला दुसऱ्या बहिणी पाहू. शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ नावाने मराठीत आणलेल्या ‘लिटल विमेन’मध्ये धाकटी एमी थोरल्या ज्योचं हस्तलिखित जाळते. पुढे बर्फ फुटून एमी पाण्यात पडते, आणि बर्फ पातळ आहे हे ज्योने तिला सांगितलेलं नसतं. दोघी चुकल्या, फिट्टंफाट. एका छपराखाली राहणाऱ्या मुलींना ते पुरतं. सिसिलियाला कसं पुरावं?

शेवटी निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा आवाज, कोण ते तपासायचं. १९९९ साली सत्त्याहत्तर वर्षांची ब्रायोनी उलगडा करते: हे सगळं तिनेच लिहिलंय. रॉबी आणि सिसिलिया दोघंही १९४० मध्येच गेले. बॅलमची भेट कधी झालीच नाही.

इथे फसवल्यासारखं वाटून बरेच जण पुस्तक मिटतात. आपण मात्र मागे जाऊन ते प्रकरण पुन्हा उघडावं. लेखणी तिच्या हातात, संवाद तिचे, अडवायला बहीणही उरलेली नाही. तरी तिथे तिने सिसिलियाच्या तोंडी माफी घातलेली नाही.