सहा मिनिटांचा हिशेब

तासाचे दहा तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा विकायचा, या कल्पनेवर एक प्रचंड व्यवसाय उभा आहे. मोठ्या कमर्शियल लॉ फर्ममधला वकील दिवसभराच्या वेळेची नोंद सहा-सहा मिनिटांत करतो. अशिलाचा ईमेल वाचला: ०.१. त्यावर सहकाऱ्याशी फोनवर बोललो: ०.३. करारातलं एक कलम नव्यानं लिहिलं: १.७. वर्षाला २,००० तास भरायचे म्हटले, तर असे २०,००० तुकडे होतात. न्यूयॉर्कमधल्या ज्येष्ठ भागीदाराचा दर आता तासाला २,००० डॉलरच्या वर गेला आहे. म्हणजे त्याची सहा मिनिटं २०० डॉलरची, आपल्या हिशेबानं सतरा हजार रुपयांहून जास्त मोलाची.

हे तुकडे जोडत गेलं की कुठवर पोचतं? १९०९ साली शिकागोत सुरू झालेल्या कर्कलंड अँड एलिस या फर्मचं २०२४ चं उत्पन्न सुमारे ८.८ अब्ज डॉलर होतं. रुपयांत ते जवळपास ७४ हजार कोटी होतात. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. सव्वा कोटीहून जास्त लोकांचं पाणी, कचरा, रस्ते, शाळा, केईएम आणि सायनसारखी रुग्णालयं, कोस्टल रोडची कामं हे सगळं त्यात येतं. इतकीच रक्कम एका वकिलांच्या फर्मनं एका वर्षात बिलांतून मिळवली. या फर्मचं नाव आहे ते मुख्यतः दोन कामांसाठी: खाजगी गुंतवणूक फंडांचे खरेदी-विक्री व्यवहार आणि बुडत्या कंपन्यांची पुनर्रचना. कंपन्या तेजीत विकत घेतल्या जातात आणि मंदीत बुडतात, त्यामुळे दोन्ही ऋतूंत काम आहे.

पण या व्यवसायाचा खरा आवाका वार्षिक उत्पन्नातून कळत नाही. त्यासाठी एकच प्रकरण जवळून पाहावं, आणि ते लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचं असावं.

सोमवार, १५ सप्टेंबर २००८. मध्यरात्र उलटल्यावर न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात लेहमनचा अर्ज दाखल झाला. मालमत्ता ६३९ अब्ज डॉलर, देणी ६१३ अब्ज. लेहमनच्या बाजूनं मुख्य फर्म होती वाइल गॉटशल अँड मँजेस, आणि त्यांचं नेतृत्व करत होते हार्वी मिलर. त्याच आठवड्यात लेहमनचा अमेरिकेतला दलालीचा धंदा बार्कलेज बँकेला विकायचं ठरलं. शुक्रवारी सुरू झालेली सुनावणी मध्यरात्रीपलीकडे गेली आणि न्यायाधीश जेम्स पेक यांनी विक्रीला मंजुरी दिली तेव्हा शनिवार लागला होता. एवढा मोठा धंदा पाच दिवसांत हातावेगळा झाला! एकट्यादुकट्या वकिलाचं हे काम नव्हे. दिवाळखोरी कायद्याचा जाणकार लागतो, तसाच कर, कर्जरोखे, स्पर्धा कायदा, स्थावर मालमत्ता, कामगार कायदा यांचाही लागतो, आणि हे सगळे एकाच रात्री एकाच छताखाली हवे असतात. लॉ फर्म आपल्या विभागांची लांबलचक यादी देतात ती या रात्रीसाठी. नऊ लाखांच्या वर डेरिव्हेटिव्ह व्यवहार अजून उघडे होते. पुढे साठ हजारांहून जास्त दावे दाखल झाले. लेहमनचं एक मोठं कार्यालय आपल्या पवईत होतं. तिथलं काम आणि माणसं जपानच्या नोमुरानं घेतली.

आता कागद. लेहमन का बुडाली हे शोधायला न्यायालयाच्या आदेशानं तपासनीस नेमले गेले, जेनर अँड ब्लॉक फर्मचे अँटन वालुकास. त्यांच्या अहवालात लेहमनच्या संगणकांवरच्या माहितीचा अंदाज दिला आहे: तीन पेटाबाइट, म्हणजे सुमारे ३५० अब्ज पानं. मिनिटाला एक पान, झोप-जेवण न करता, असं वाचायचं म्हटलं तर साडेसहा लाख वर्षांहून जास्त लागतील. पानं एकावर एक रचली तर ३५ हजार किलोमीटर उंचीची चळत होईल, पृथ्वीच्या घेरापेक्षा थोडीच कमी. अर्थात सगळं कोणी वाचलं नाही. शोधशब्द लावून पन्नास लाखांवर दस्तऐवज वेगळे काढले, आणि त्यातली तीन कोटींहून जास्त पानं तपासली. पानाला एक मिनिट धरलं, तरी वर्षाला २,००० तासांच्या हिशेबानं ही अडीचशेहून जास्त माणूसवर्षं होतात. नेमणूक जानेवारी २००९ मधली आणि नऊ खंडांचा, २,२०० पानांहून मोठा अहवाल मार्च २०१० मध्ये लोकांसमोर आला. मला या साऱ्या प्रकरणात अब्जांपेक्षा हे वाचन थक्क करतं. यंत्रानं चाळून दिलेल्या ढिगासमोर शेवटी माणसंच बसली, एकेक ईमेल उघडत.

त्या वाचनातून ‘रेपो १०५’ बाहेर आलं. तिमाही संपायच्या सुमारास लेहमन आपले रोखे काही दिवसांसाठी दुसऱ्याकडे द्यायची, १०० डॉलरच्या रोख रकमेसाठी किमान १०५ डॉलरचे रोखे, आणि हे उसनं घेतलेलं कर्ज हिशेबात विक्री म्हणून दाखवायची. २००८ च्या मध्याला अशा रीतीनं ताळेबंदाबाहेर ठेवलेली रक्कम पन्नास अब्ज डॉलरच्या आसपास होती. हिशेबात विक्री दाखवायची तर कायद्यानं ती खरी विक्री ठरते असं एका फर्मचं लेखी मत हातात हवं. अहवाल सांगतो की अमेरिकन कायद्याखाली असं मत द्यायला कोणतीही अमेरिकन फर्म मिळाली नाही. मग लंडनच्या एका फर्मकडून इंग्लिश कायद्याखाली मत घेतलं आणि व्यवहार लेहमनच्या लंडनच्या कंपनीमार्फत वळवले. अहवालानं त्या मताला चूक म्हटलेलं नाही. पण काही पानांच्या एका पत्रावर पन्नास अब्ज उभे राहतात, आणि त्या पत्राला वजन येतं ते खालच्या नावामुळे. व्यापारी वकिलांच्या बाजारातली पत म्हणजे हे वजन. ते जितकं मोठं, तितकी ‘नाही’ म्हणायची जबाबदारी मोठी, असं मला मनापासून वाटतं.

ही पत जाहिरातीनं मिळत नाही, निदान आपल्याकडे तरी नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार भारतातल्या वकिलाला काम मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. मुंबईतली क्रॉफर्ड बेली १८३० पासून आहे, कंपनी कायदाही जन्मला नव्हता तेव्हापासून. अशा फर्मचं नाव अशिलांच्या तोंडूनच पसरतं. चेंबर्स किंवा लीगल ५०० यांच्या क्रमवाऱ्या बनवतानाही अशिलांना आणि इतर फर्मच्या वकिलांना विचारलं जातं. आपल्याविरुद्ध लढलेल्या वकिलानं कौतुक केलं तर त्याला सर्वांत जास्त किंमत द्यावी, असं माझं मत आहे.

आणि लेहमनचं बिल? वकील, हिशेबनीस, सल्लागार यांच्यावरचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. आकडा ऐकून राग येतो, आणि तो येणं रास्त आहे. हे पैसे धनकोंच्या वाट्यातून गेले. मात्र ६१३ अब्जांच्या देण्याशी तो ताडला तर शंभर रुपयांमागे तेहतीस पैसे पडतात. शिवाय अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात ही बिलं गुपचूप दिली जात नाहीत. प्रत्येक सहा मिनिटांची ओळ न्यायालयात दाखल होते, कोणीही ती वाचू शकतो. लेहमनसाठी तर केनेथ फाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी शुल्क समिती नेमली होती. जेवण, टॅक्सी, एकाच बैठकीला गेलेले चार-चार वकील, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. आपल्याकडेही दिवाळखोरी संहिता येऊन वर्षं लोटली आहेत. एस्सार स्टीलसारख्या एकाच प्रकरणात आर्सेलरमित्तलनं सुमारे ४२ हजार कोटी मोजले, आणि त्याला आठशेहून जास्त दिवस लागले. इतक्या लांब लढाईत कोणत्या वकिलाला कशाचे किती मिळाले, हे ज्या ठेवीदाराचे आणि पुरवठादाराचे पैसे अडकले त्याला ओळीओळीनं वाचता यायला हवं.

लेहमनच्या लंडनच्या कंपनीच्या साध्या, विनातारण धनकोंना अखेर पूर्ण रक्कम परत मिळाली. वर काही अब्ज पौंड उरले. ते व्याजापोटी कोणाला, किती आणि कोणाच्या आधी द्यायचे, यावर नवे खटले उभे राहिले, आणि त्यातल्या पहिल्याचा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये दिला.