शेजारधर्माने लावलेली पुस्तके

युरोपच्या सांस्कृतिक इतिहासाचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे एखाद्या काळातील माणसे चित्रे, ग्रंथ, सणसमारंभ, पोशाख आणि श्रद्धा यांच्याद्वारे जगाचा अर्थ कसा लावत होती, याचा शोध. त्याची परंपरा सांगताना याकोब बुर्कहार्ट यांच्या इटलीतील प्रबोधनकाळावरील १८६० च्या ग्रंथाचा आणि कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७६ मध्ये सोळाव्या शतकातील एका गिरणीवाल्याच्या विचारविश्वावर लिहिलेल्या पुस्तकाचा उल्लेख करावाच लागतो. परंतु ही विद्या शिकावी कशी, याचे सर्वांत समर्पक उत्तर लंडन विद्यापीठातील वारबुर्ग संस्थेच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या मांडणीतच सापडते.

हे ग्रंथालय उभारणारे आबी वारबुर्ग (१८६६–१९२९) हॅम्बुर्गच्या एका धनाढ्य ज्यू सावकारी घराण्याचे थोरले पुत्र होते. तेराव्या वर्षी त्यांनी पेढीवरील वडीलकीचा हक्क धाकट्या भावाला, मॅक्सला, देऊन टाकला आणि मोबदल्यात जन्मभर हवी ती पुस्तके घेऊन देण्याचे वचन मिळवले, ही हकीकत पुढे मॅक्स यांनीच सांगितली. विद्येच्या इतिहासात इतका फलदायी सौदा क्वचितच झाला असेल.

वारबुर्ग यांनी ग्रंथ लावताना लेखकाचे आडनाव वा पुस्तकाचा आकार पाहिला नाही, तर ‘चांगल्या शेजाऱ्या’चे तत्त्व पाळले: वाचक जे पुस्तक शोधत येतो, त्याच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याला माहीत नसलेल्या शेजारच्या पुस्तकात असते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून खगोलशास्त्राजवळ फलज्योतिष आले आणि तत्त्वज्ञानाच्या शेजारी जादूटोणा. १९२० मध्ये वारबुर्ग यांचे सहकारी फ्रिट्झ साक्स्ल यांनी ही कपाटे तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरर यांना दाखवली, तेव्हा इथून एकतर पळ काढावा, नाहीतर वर्षानुवर्षे स्वतःला कोंडून घ्यावे, अशी त्यांची प्रतिक्रिया झाली. सुदैवाने त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. संगणकावर नेमके शीर्षक टाकून पुस्तक मागवणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हा शेजार लाभत नाही, आणि ती हानी फार मोठी आहे.

या पद्धतीचे फळ एका लहानशा तपशिलात पाहता येते. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये दोमेनिको गिर्लांदायो यांनी रंगवलेल्या योहानाच्या जन्माच्या भित्तिचित्रात बाळंतिणीच्या खोलीतल्या भारदस्त स्त्रिया संथ उभ्या आहेत. उजवीकडून मात्र डोक्यावर फळांचे तबक घेतलेली एक दासी झपझप आत येते, आणि तिची वस्त्रे वाऱ्यावर असावीत तशी फडफडतात. बंद खोलीत हा वारा आला कोठून? वारबुर्ग यांच्या मते तो प्राचीन शिल्पांतून आला. अशा मुद्रांना त्यांनी ‘पाथोसफॉर्मेल’, म्हणजे उत्कट भावना व्यक्त करणारे, शतकानुशतके टिकून राहणारे शरीरमुद्रांचे साचे, असे नाव दिले. पंधराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची ऐट, ख्रिस्ती कथा आणि मूर्तिपूजक प्राचीनता या एका धावत्या दासीत एकत्र येतात, आणि हे उकलायला कलेच्या पुस्तकाइतकीच हिशेबवह्यांची आणि मिरवणुकांच्या वर्णनांचीही गरज पडते.

हिटलर सत्तेवर आल्यावर, १९३३ च्या डिसेंबरात, सुमारे ६०,००० ग्रंथ हॅम्बुर्गहून जहाजांनी लंडनला नेण्यात आले. साक्स्ल आणि त्यांच्या सहकारी गेरट्रूड बिंग यांनी ते पुन्हा मांडले, आणि १९४४ मध्ये संस्था लंडन विद्यापीठात सामील झाली. पुढे तेथील कपाटांची विभागणी प्रतिमा, शब्द, दिशाबोध आणि कृती अशा चार भागांत झाली.

वारबुर्ग यांचे शेवटचे काम, ‘नेमोसिनी’ हा चित्रसंग्रह, त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. काळे कापड लावलेल्या ६३ फलकांवर शिल्पांच्या छायाचित्रांपासून टपालतिकिटांपर्यंत ९७१ चित्रे त्यांनी हवी तशी हलवता यावीत अशा रीतीने लावली होती. संस्थेच्या छायाचित्रसंग्रहातून यांपैकी बहुतेक मूळ चित्रे शोधून काढून २०२० मध्ये बर्लिनला ते फलक पुन्हा उभे करण्यात आले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाआधी असा एखादा फलक स्वतःच्या हाताने लावायला द्यावा, आणि कोणते चित्र कोणाशेजारी का ठेवले, याचे कारण लिहून मागावे.